लॅसिक करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र : आमच्या डोळ्यांचे आकडे आमच्या हातात द्या

नमस्कार डॉक्टर,

हे पत्र कुठल्या एका डॉक्टरला किंवा एका हॉस्पिटलला नाहीये. महाराष्ट्रात चष्म्याचा नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन जे जे करतात त्या सगळ्यांना आहे, मग ते पुण्या-मुंबईतले मोठे सेंटर असो की आमच्यासारख्या जिल्ह्याच्या गावातलं एका मशीनवरचं हॉस्पिटल. माझं ऑपरेशन होऊन आता दहा वर्षं होत आली, कोणावर केस करायची नाहीये, पैसे परत नको आहेत. एक मागणं आहे फक्त, पण ते का मागतेय हे कळायला जरा सगळंच सांगावं लागेल.

मी तेव्हा २४ वर्षांची होते. दोन्ही डोळ्यांना मायनस साडेसहा, उजव्याला थोडा सिलिंड्रिकल पण. चष्मा चौथीत असताना लागला, बाई फळ्यावर काय लिहितात ते दिसत नाही म्हणून शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायचे आणि ते पकडलं गेलं. नंतर दर वर्षी नंबर वाढत गेला आणि काच जाड होत गेली. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली तेव्हा एका ठिकाणहून निरोप आला की मुलगी आवडली पण नंबर फार आहे, पुढे मुलांना लागेल. त्या रात्री आई जेवली नाही. आठ दिवसांत तिने लेझरची चौकशी करून ठेवली, मावशीच्या ओळखीतल्या एका मुलीने केलेलं होतं, तिचं छान झालेलं, मग आमचं पण ठरलं.

तपासणीच्या दिवशी काय झालं ते मला आजही सगळं आठवतं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, तीन वेळा, दर पंधरा मिनिटांनी. मशीनवर हनुवटी ठेवून ती गोल गोल रेघांची चकती बघितली, डोळ्याच्या पुढच्या काचेच्या आकाराचे रंगीत नकाशे निघाले, पडदा तपासला. डॉक्टर तीनेक मिनिटं भेटले, म्हणाले फिट आहात, काळजी करू नका. मग एका काचेच्या केबिनमध्ये काउन्सेलर मॅडम होत्या, खूप गोड बोलणाऱ्या, त्यांनी साधं, ब्लेडलेस आणि त्याच्यावरचं अशी तीन पॅकेजेस दाखवली, ईएमआय सांगितला, महिनाअखेरपर्यंत ऑफर आहे म्हणाल्या आणि चार पानी फॉर्म पुढे केला, इंग्रजीत, बारीक अक्षरात. आता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये की ते थेंब घातल्यावर जवळचं धूसर होतं. मला त्या कागदावर मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. मॅडमनी बोट ठेवून दाखवलं इथे, इथे आणि मागे इथे, मी सह्या केल्या. माझ्या डोळ्यांबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा कागद मी डोळ्यांनी वाचलाच नाही.

ऑपरेशन खरंच दहा-बारा मिनिटांचं होतं. डोळ्यावर रिंग बसवून दाब दिला तेव्हा काही सेकंद सगळं काळं झालं, मग वरचा पापुद्रा उचलला तसं पाण्याखालून बघतोय असं वाटलं, मग ठकठक आवाज आणि जळक्या केसांसारखा वास. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दिसला. मी रडले. पंधरा वर्षांनी चष्मा न शोधता सकाळ झाली होती. तो आनंद खरा होता आणि अजूनही आहे, हे मला आधीच नीट सांगायचंय, कारण पुढचं वाचून कोणी म्हणू नये की ही बाई लेझरच्या विरोधात आहे.

मी विरोधात नाही. ज्या एक्सायमर लेझरने माझं ऑपरेशन झालं त्याने पेशी न जाळता काप घेता येतो हे १९८१ मध्ये आयबीएमच्या लॅबमध्ये समजलं, आणि ते शोधणाऱ्या तिघांमध्ये रंगास्वामी श्रीनिवासन होते, आपल्या चेन्नईत जन्मलेले, त्यांना त्यासाठी अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक पण मिळालं. लेझरच्या एका ठोक्याला साधारण पाव मायक्रॉन काढतं ते मशीन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतकं अचूक. मग मला प्रश्न पडतो की पाव मायक्रॉनचा हिशोब ठेवणाऱ्या माणसांना पेशंटशी बोलताना "काळजी करू नका" एवढंच का पुरतं?

कारण काळजी करण्यासारखं होतं. पहिले तीन महिने डोळे कोरडे राहतील एवढं सांगितलेलं, ते मी धरून चालले होते. माझे तीन महिन्यांचे तीन वर्षं झाले. मी सीएच्या ऑफिसमध्ये काम करते, दिवसभर एसी आणि समोर एक्सेल. दुपारी चारनंतर डोळ्यात कुसळ गेल्यासारखं टोचायला लागायचं, सकाळी उठताना पापणी बुबुळाला चिकटलेली असायची, ती झटक्यात उघडली की कळ यायची, मग मी डोळे मिटूनच उशाखालची थेंबांची बाटली चाचपडायची आणि पापणीच्या कोपऱ्यातून थेंब सोडून मगच हळूहळू उघडायची. लग्न झाल्यावर नवऱ्याला पहिले काही दिवस वाटायचं मी सकाळी सकाळी रडतेय. आता पुष्कळ कमी आहे पण थेंब सुटलेले नाहीत, पर्समध्ये, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि गाडीत असतातच.

हे का होतं ते मला खूप नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. कॉर्निया म्हणजे डोळ्याच्या पुढची पारदर्शक काच, तिच्यात बारीक नसांचं जाळं असतं, त्याच नसा डोळा सुकला की अश्रू सोड, पापणी मिट असा निरोप देतात. पापुद्रा कापताना त्या नसा कापल्या जातात. बहुतेकांच्या काही महिन्यांत परत वाढतात, काहींच्या नीट वाढत नाहीत. दोन मिनिटं लागली त्यांना हे सांगायला. हीच दोन मिनिटं मला ऑपरेशनच्या आधी हवी होती, कारण माझे डोळे कॉन्टॅक्ट लेन्स लावल्यावर तासाभरात लाल व्हायचे, म्हणजे कोरडेपणा आधीपासून होता आणि मला कोणी विचारलंच नाही.

दुसरं रात्रीचं. चंद्राला खळं पडतं ना पावसाच्या आधी, तसं खळं मला प्रत्येक दिव्याभोवती दिसतं. समोरून ट्रक आला की दिव्यातून कुसळं फुटल्यासारखी चारी बाजूला पसरतात. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेझरने घडवलेल्या भागाच्या कडेवरून पण प्रकाश आत येतो, हे त्याचं एक कारण, आणि नंबर जास्त असला की हा त्रास व्हायची शक्यता जास्त. चार्टवर मी आजही ६/६ वाचते. पण रात्री पुण्याहून येताना खंबाटकी घाटात गाडी चालवायची वेळ आली की मी चावी नवऱ्याकडे देते. ६/६ हा तुमचा निकाल आहे डॉक्टर, घाटातला रस्ता माझा आहे, आणि माझ्या फाइलवर फक्त तुमचा निकाल लिहिलाय.

आता यात माझी पण चूक आहे, ती लपवत नाही. सहा महिन्यांच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं कसं वाटतंय, मी म्हणाले छान. आईने सोन्याची पाटली मोडून पैसे भरलेले, चष्मा गेलेला, लग्न ठरलेलं, आता तक्रार कुठे करायची असं वाटलं. मला वाटायचं असं करणारी मी एकटीच. मग वाचलं की अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय मशीन्सवर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, नौदलातले लोक आणि साधे नागरिक असे मिळून साडेपाचशेपेक्षा जास्त पेशंट घेऊन प्राउल नावाचा अभ्यास केला, २०१७ मध्ये तो छापून आला. त्यात ज्यांना आधी खळं, चमक, दोन-दोन दिसणं असला काहीच त्रास नव्हता अशांपैकी ४३ ते ४६ टक्के लोकांनी तीन महिन्यांनी निदान एक तरी नवीन त्रास सांगितला. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी साधारण २८ टक्क्यांना कोरडेपणा आला. आणि तरी ९५ टक्क्यांपेक्षा जास्त लोक समाधानी होते, अगदी नेहमीची कामं अडावीत इतका त्रास १ टक्क्यापेक्षा कमी लोकांना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला स्वतःला हे शंभर टक्के पटतं, कारण मी पण समाधानी आहे आणि मला त्रास पण आहे. पण त्या अभ्यासातली मला हलवून गेलेली गोष्ट वेगळी होती. लोकांनी आपला त्रास डॉक्टरला तोंडी जेवढा सांगितला त्याच्या दुपटीपेक्षा जास्त प्रमाणात कागदावरच्या प्रश्नावलीत लिहिला. म्हणजे तिकडचे लोक पण डॉक्टरसमोर छान म्हणतात.

म्हणून तुम्ही जेव्हा म्हणता की आमच्याकडे हजारो केसेस झाल्या, कोणाची तक्रार नाही, तेव्हा कृपया एकदा विचार करा. तुम्ही विचारलंय का? काउन्सेलर शेजारी उभी असताना कसं वाटतंय असं नाही, तर मराठीत दहा प्रश्न छापून, पेशंट घरी बसून भरेल असं.

आता माझ्या मावसभावाची गोष्ट सांगते, कारण हे पत्र लिहायला बसले ते खरं त्याच्यामुळे. पोरगा डिप्लोमा झालेला, रेल्वेत असिस्टंट लोको पायलटची तयारी करत होता, नंबर मायनस ४. त्याला कोणीतरी सांगितलं लेझर करून टाक म्हणजे मेडिकल निघेल. एका सेंटरला गेला, कॉर्नियाची जाडी ४८५ मायक्रॉन निघाली. तिथे गणित करून दाखवलं, त्याबद्दल त्यांचं कौतुक, की पापुद्रा ११०, एका नंबरला साधारण १५ धरले तर ६०, खाली ३१५ उरतात, किमान २५० उरायला लागतात, म्हणजे भरपूर आहे. पाच हजार ॲडव्हान्स घेऊन तारीख दिली. माझे डोळे बघून मावशी घाबरलेली म्हणून तिने त्याला दुसरीकडे दाखवायला लावलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी त्याला पहिला प्रश्न विचारला, तुला हे का करायचंय? तो म्हणाला रेल्वेसाठी. ते म्हणाले जाहिरात नीट वाच. त्याने मोबाइलवर पीडीएफ काढून वाचली तर त्यात स्पष्ट लिहिलेलं की त्या पोस्टच्या मेडिकल स्टँडर्डला लॅसिक केलेले उमेदवार चालत नाहीत. आधीच्या सेंटरमध्ये दीड तास होता, कोणी विचारलं नाही. सैन्यदलांच्या भरतीत पण लेझर केलेल्यांसाठी अटी असतात, काही ठिकाणी चालतच नाही. सांगली-सातारा-कोल्हापूरच्या किती मुलांचं सगळं आयुष्य या भरत्यांवर टांगलेलं असतं ते तुम्हाला मी काय सांगू, तुमच्या वेटिंग रूममध्येच बसलेली असतात ती.

मग त्यांनी नकाशा समोर ठेवला. जाडी बरोबर होती, नंबर बरोबर होता, वजाबाकी बरोबर होती. पण नकाशात डाव्या डोळ्याचा खालचा भाग वरच्यापेक्षा जास्त उंच, आणि मागच्या बाजूने पण फुगवटा यायला लागलेला. त्यांनी विचारलं डोळे चोळतोस का. तो लहानपणापासून ॲलर्जीमुळे मुठीने डोळे चोळतो, आम्ही सगळे त्याला ओरडायचो. ते म्हणाले ही केराटोकोनसची सुरुवात असू शकते, कॉर्निया आधीच अशक्त आहे, यावर लेझर केलं तर ती हळूहळू शंकूसारखी पुढे येऊ शकते, मग चष्म्याने पण नीट दिसत नाही, खास कडक लेन्स घालायला लागतात, अगदीच झालं तर कॉर्निया बदलावी लागते. मी करणार नाही आणि दुसरं कोणी करतो म्हणालं तरी करू नकोस. दीड वर्षाने त्याच डोळ्यात ते खरंच वाढलं, सी-थ्री-आर, म्हणजे थेंब आणि किरणांनी कॉर्निया घट्ट करायचा उपचार, करून थांबवलंय सध्या. वजाबाकीवर विश्वास ठेवून लेझर झालं असतं तर काय झालं असतं हे तुम्हीच सांगा.

त्या डॉक्टरांनी तपासणीची फी घेतली, ऑपरेशनचे पैसे सोडले आणि एक डोळा वाचवला. तुमच्यात असे कितीतरी जण असणार याची मला खात्री आहे, रोज नाही म्हणत असणार, आणि त्यांच्या नाही म्हणण्याची कुठे जाहिरात होत नाही.

जाहिरातीचं निघालंच आहे तर, डॉक्टरांनी पेशंट ओढायला जाहिरात करू नये हे तुमच्याच २००२ च्या आचारसंहितेत आहे ना? मग रिक्षाच्या मागे "१० मिनिटांत चष्म्याला बाय बाय" कसं येतं? त्यात "फ्लॅप नाही म्हणजे टेन्शन नाही" हे नवीन सुरू झालंय, फ्लॅप म्हणजे तोच पापुद्रा. स्माइल नावाच्या त्या लेझर ऑपरेशनमध्ये छेद लहान, नसा कमी कापल्या जातात हे खरं, पण कॉर्नियातून भाग काढावा लागतोच आणि कॉर्निया फुगायचे प्रकार त्याच्यानंतर पण झालेत. पीआरके या जुन्या पद्धतीत वरचा पातळ थर काढून थेट लेझर मारतात, त्यात पापुद्रा नाही पण चार दिवस कळा आणि कधी कधी धूसरपणा. आत लेन्स बसवायची तर ती डोळ्याच्या आतली सर्जरी. प्रत्येकाचं आपलं आपलं आहे, ते पॅकेजच्या रेटकार्डवर चांगलं, अजून चांगलं, सगळ्यात चांगलं अशा क्रमाने कसं काय मांडता येतं?

आणि एक गोष्ट जी मला सात वर्षं कोणी सांगितली नाही. नंबर गेला तरी डोळा मायनस साडेसहाचाच राहतो. लेझरने पुढची काच चपटी केली, डोळ्याची लांबी तेवढीच आहे, मागचा पडदा तेवढाच ताणलेला आहे, पडदा सुटायचा धोका जसा होता तसाच आहे. मी मात्र चष्मा नाही म्हणजे डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं कारण नाही असं धरून सात वर्षं पडदा तपासलाच नाही. काचबिंदूसाठी डोळ्याचं प्रेशर मोजतात ते पण पातळ झालेल्या कॉर्नियावर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणजे तपासणाऱ्याला सांगितलं नाही तर तो नॉर्मल म्हणून घरी पाठवेल.

हे मला कळलं आईच्या मोतीबिंदूच्या वेळी. तिच्या डोळ्याचं माप घेताना तिथले सर माझ्याशी बोलत होते, मी सहज म्हटलं माझं लॅसिक झालंय, तर ते एकदम थांबले आणि म्हणाले तुमचे ऑपरेशनच्या आधीचे कागद जपून ठेवा बरं का, तुम्हाला मोतीबिंदू होईल तेव्हा लेन्सचा नंबर काढायला उपयोगी पडतात, लेझर झालेल्या डोळ्यात नेहमीचं गणित चुकतं. माझ्याकडे कागद म्हणजे पैशाची पावती आणि थेंबांचं प्रिस्क्रिप्शन. मी त्या हॉस्पिटलला गेले. रिसेप्शनवरची मुलगी चांगली होती बिचारी, अर्धा तास शोधलं तिने, जुनं सॉफ्टवेअर बदललं म्हणाली, एक पान निघालं. त्यावर जाडी ५१२ आणि नंबर. किती काढलं, किती उरलं, नकाशा, काही नाही.

नियम काय आहे ते मी बघितलं. २००२ च्या त्याच आचारसंहितेत रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचं आणि पेशंटने मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असं आहे. म्हणजे त्यांनी नियम मोडला असं मी म्हणू शकत नाही. पण चोविसाव्या वर्षी केलेल्या ऑपरेशनचा कागद मला साठाव्या वर्षी लागणार आहे डॉक्टर! तुम्ही तीन वर्षं ठेवायचं आणि मला द्यायचंच नाही, तर तो कागद राहणार कुठे?

म्हणून माझं मागणं हे आहे. तपासणी झाली की त्याच दिवशी प्रत्येक पेशंटच्या हातात मराठीत एक पान द्या. त्यावर त्याचे स्वतःचे आकडे असू देत, दोन्ही डोळ्यांची जाडी, नंबर आणि तो किती दिवस स्थिर आहे, पापुद्रा किती, लेझरने किती जाणार, खाली किती उरणार, नकाशात काय दिसलं, अश्रूंची तपासणी काय आली, तुमच्या मते याला खळं आणि कोरडेपणाची शक्यता कमी की जास्त आणि का. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणार आहे, पडदा दर वर्षी दाखवायचा आहे, भरतीला बसणार असाल तर आधी जाहिरात वाचा, हे पण तिथेच. तो कागद घेऊन त्याला घरी जाऊ द्या, निदान आठवडाभर, थेंब उतरलेल्या डोळ्यांनी वाचू द्या, वाटलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवू द्या. सही त्यानंतर घ्या आणि ती काउन्सेलरने नाही, जो लेझर चालवणार त्याने समोर बसून घ्या. पैशाचं बोलणं सहीच्या नंतर. ऑपरेशन झालं की प्रत्यक्षात किती काढलं ते त्याच पानावर लिहून नकाशाच्या प्रिंटसकट परत द्या.

यात अवघड काय आहे? सगळे आकडे तुमच्या मशीनमध्ये आधीच आहेत. समीरा कोहली प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच सांगितलंय की उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय काय हे पुरेसं समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. एफडीएने पण जुलै २०२२ मध्ये लॅसिकच्या पेशंटला काय काय आधी सांगावं याचा मसुदा काढला. त्यावर तिकडच्या डॉक्टरांनी ओरड केली की लोक घाबरतील. तुमच्यातले पण काही जण हेच म्हणतील मला माहितीये. घाबरून चार जण परत गेले तर जाऊ देत ना, त्यांना घाई कुठे आहे, चष्मा आहे की त्यांच्याकडे. मला हे पान मिळालं असतं तरी मी बहुतेक ऑपरेशन केलंच असतं. पण आधी वर्षभर कोरडेपणाचा इलाज केला असता, रात्रीचं माहीत असतं, आणि पहिल्या दिवाळीत पणत्यांभोवती खळं दिसलं तेव्हा माझं काहीतरी बिघडलंय म्हणून बाथरूममध्ये जाऊन रडले नसते.

माझ्या मावसभावाची धाकटी बहीण एकवीस वर्षांची झाली, तिचा नंबर मायनस ५ आहे आणि घरात आता तिच्या लेझरचं बोलणं सुरू झालंय. भावाचं असं झालेलं, म्हणजे तिचा नकाशा जास्तच बारकाईने बघायला लागेल. पुढच्या महिन्यात ती तुमच्यापैकीच कोणाकडे तरी येईल, सोबत मी असेन. ती तपासणी झाल्यावर उठणार नाही, म्हणेल सर माझं पान द्या. तेवढं द्या तिला.

तुमची,
एक जुनी पेशंट, सांगली